आग लागली तर बाहेर पडायचं कुठून?

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या एका नाईटक्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवसापासून गोवाभर चर्चा सुरू झाली ती परवान्यांची आणि कोणी कशाकडे डोळेझाक केली याची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात दोन तपशील मागे पडले, आणि ते घरी बसून बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे होते. मृतांपैकी बहुतेकांचा जीव धुरात गुदमरून गेला आणि त्यांतले बरेचजण तळघरात अडकलेले कामगार होते. दुसरं, वाट अरुंद असल्यामुळे अग्निशमन दलाच्या गाड्यांना दारापर्यंत पोचताच आलं नाही.

धूर आणि वाट. घर असो वा शाळा, आगीची तयारी या दोन गोष्टींभोवती फिरते. भिंतीला लाल सिलिंडर टांगला की झालं, असं आपल्याला वाटतं. तो असू दे, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो.

धूर आधी पोचतो

आग पेटायला जळणारी वस्तू, उष्णता आणि प्राणवायू लागतो, हे सगळ्यांनी शाळेत घोकलेलं असतं. वेगाचा अंदाज मात्र आपल्याला नसतो, कारण तो आपल्या हयातीतच बदलला आहे. आजीच्या खोलीत सागवानी पलंग, कापसाची गादी आणि लाकडी कपाट असायचं. आज त्याच खोलीत फोमची गादी, पॉलिस्टरचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि प्लायवूडचं फर्निचर आहे. फोम आणि पॉलिस्टर ही मुळात खनिज तेलाचीच लेकरं. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन्ही प्रकारच्या खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली पूर्ण पेट घ्यायला अर्ध्या तासाच्या आसपास लागली, नव्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पेटली. पूर्ण पेट म्हणजे काय, तर छताखाली साठलेली उष्णता इतकी वाढते की खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम भडकते. त्या क्षणी आत असलेला माणूस वाचत नाही.

पण त्याच्या कितीतरी आधी धूर आपलं काम करून जातो. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायातलं बळ जातं, आणि समोरचा दरवाजा दिसत असूनही तिथवर जायचं सुचत नाही. झोपलेला माणूस तर आणखी गाढ झोपी जातो. ‘जळका वास आला की जाग येईलच’ या भरवशावर राहू नका, झोपेत नाक जवळजवळ बंदच असतं. म्हणून झोपायच्या खोल्यांबाहेर, छताला, बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म हवा. आपल्याकडे अजून तो फारच कमी घरांत दिसतो. खरं तर सीसीटीव्ही कॅमेरा लावायला वायरमन आला की त्याच शिडीवरून होणारं हे काम आहे. स्वयंपाकघरात मात्र लावू नका. फोडणीला रोज बोंबलायला लागला की चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला घालतं. महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो का पाहायचं आणि आत शिरलेली कोळिष्टकं झाडायची.

गरम धूर वर चढतो, छताखाली थर धरतो आणि तो थर खाली खाली येत जातो. श्वास घेण्याजोगी हवा उरते ती जमिनीलगत. म्हणून धुरातून जायचं तर हात-गुडघ्यांवर रांगत. तोंडाला ओला रुमाल धरा, असं सगळे सांगतात. त्याने काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही. रुमाल भिजवायला नळाकडे जाण्यात दोन मिनिटं घालवण्यापेक्षा ती दोन मिनिटं दाराकडे जायला वापरा.

बंद दार धुराला बराच वेळ अडवून धरतं, म्हणून रात्री खोलीचं दार ओढून झोपावं असा सल्ला जगभर देतात. गोव्यातल्या जुन्या कौलारू घरांत मात्र एक गोम आहे. मधल्या भिंती बऱ्याचदा कौलांपर्यंत गेलेल्याच नसतात. वारा खेळावा म्हणून वर मोकळं सोडलेलं असतं. दार कितीही घट्ट लावा, धूर भिंतीवरून पलीकडच्या खोलीत उतरणार. अशा घरात अलार्म आणि मोकळी वाट, एवढंच आपल्या हातात आहे. माळ्यावर चुडतं, सोडणं आणि जुन्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे असतील तर ते आजच खाली उतरवा.

चोरासाठी लावलेला गज

आपण घर चोराच्या धास्तीने बांधतो. एकूण एक खिडकीला लोखंडी ग्रिल, पुढच्या दाराला आणखी एक जाळीचं दार, गॅलरीसुद्धा पिंजऱ्यासारखी बंद. रात्री पुढच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली घरच्या कर्त्या माणसाच्या उशाखाली गेली की त्या घरातून बाहेर पडायची वाट एकच उरते, तीही उशाखाली. आणि आग लागते ती नेमकी त्या वाटेवर, कारण मीटरबोर्ड, इन्व्हर्टर आणि हल्ली चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर, सगळं पुढच्या दाराजवळच असतं.

प्रत्येक झोपायच्या खोलीतून दोन वाटा हव्यात: एक दार आणि एक खिडकी. त्यासाठी निदान एका खिडकीचं ग्रिल बिजागरीचं करून घ्या. कुठलाही फॅब्रिकेशनवाला ते एका दिवसात करून देतो. कडी आतून. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली खिडकीशेजारीच खिळ्याला, पण बाहेरून हात घालून मिळणार नाही इतक्या अंतरावर. ती तिथून कोणीही, कशासाठीही हलवायची नाही. हे करून घेतलं तरी काम संपत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने बिजागऱ्या गंजतात आणि गणपतीपर्यंत ग्रिल जाम झालेलं असतं. चवथीला घराची साफसफाई होतेच. तेव्हा प्रत्येक ग्रिल उघडून बघायचं आणि तेल सोडायचं. घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला, म्हणजे बहुधा आजीला किंवा आठ वर्षांच्या नातीला, ते काळोखात उघडता येतं का, ही खरी परीक्षा. तुम्हाला येतं, याला फारसा अर्थ नाही.

मग एका रात्री मेन स्विच बंद करून सगळ्यांनी आपापल्या खोलीतून बाहेर पडून बघायचं. आजोबांना कोण उठवणार, तान्ह्याला कोण उचलणार, हे नावानिशी ठरलेलं असू दे. ‘कोणीतरी बघेल’ म्हटलं की कोणीच बघत नाही. बाहेर आल्यावर जमायचं कुठे, हेही ठरवा. अंगणातली तुळस पटकन सुचते, पण पुष्कळ घरांत ती ओसरीपासून चार पावलांवर असते आणि कौलं कोसळतात ती तिथेच. त्यापेक्षा फाटकाजवळचा माड किंवा समोरच्या घराचा सोपा बरा. एकदा तिथे जमून डोकी मोजली की मोबाईल, दागिने, मांजर, कशासाठीही कोणी परत आत जायचं नाही. बाहेर सुखरूप आलेली माणसं परत आत गेल्यामुळे दगावल्याच्या गोष्टी अग्निशमन दलातल्या कुठल्याही जुन्या जवानाकडे असतात.

बंद दारापाशी पोचलात तर आधी हाताची मागची बाजू दाराला लावा. गरम लागलं तर ते दार उघडायचं नाही, दुसऱ्या वाटेने जायचं. दुसरी वाटही बंद असेल तर खोलीत राहून दाराखालची फट ओल्या चादरीने बुजवायची, खिडकीत उभं राहून उजळ रंगाचं कापड हलवायचं आणि फोन करून नेमक्या कुठल्या खोलीत आहोत ते सांगायचं. पर्वरी, पणजी किंवा मडगावच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी लिफ्टचा विचारही करू नये आणि गच्चीकडेही धावू नये. धूर जिन्यातून वरच चढतो, आणि गच्चीच्या दाराला सोसायटीने कुलूप लावलेलं असण्याची शक्यता दाट. जिन्यातली चपलांची कपाटं आणि जुन्या सायकली हा सोसायटीच्या बैठकीत भांडण लावणारा विषय आहे खरा, तरी ते भांडण करावंच.

तेल, गॅस, वायर

नेवऱ्या तळताना तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होऊन ते सुमारे सतराशे पट फुगतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवायची आणि निवेपर्यंत ती उचलायची नाही. दोनच मिनिटांत ‘विझलं का’ म्हणून झाकण उघडलं की तापलेल्या तेलाला पुन्हा हवा मिळते आणि ते पुन्हा पेटतं.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीवर पसरतो आणि ओट्याखाली साठतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही तसंच बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. दारं-खिडक्या उघडून, रेग्युलेटर बंद करून माणसांना बाहेर काढायचं आणि बाहेर आल्यावर १९०६ वर कळवायचं. रबरी नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. तुमच्या नळीवर कुठली आहे?

वायरिंगबद्दल थोडंच. खाऱ्या हवेने सॉकेटच्या आतली पितळी पट्टी खराब होते, प्लग सैल बसतो आणि सैल जोड तापतो. जो सॉकेट काळवंडलाय किंवा हाताला गरम लागतो, तो वायरमनला दाखवेपर्यंत वापरू नका. एसी किंवा गीझर एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका. स्कूटरची बॅटरी झोपताना, आणि तीही दाराच्या वाटेवर, चार्जिंगला नको.

विझवायचा सिलिंडर घेणार असाल तर एबीसी पावडरचा घ्या, घरातल्या बहुतेक आगींना तो चालतो. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाकडे रोखायची, दांडा दाबायचा आणि आडवं फिरवत जायचं. छोट्या सिलिंडरमधली पावडर दहा-पंधरा सेकंदांत संपते. त्यामुळे आग कचऱ्याच्या बादलीएवढी असेल, बाकीचे बाहेर पडले असतील आणि तुमच्या पाठीमागे दार असेल, तरच तो हातात घ्यायचा.

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही. जागीच थांबायचं, आडवं व्हायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, दुसरं काही नाही. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांनी जखम आणखी बिघडते. चिकटलेलं कापड ओढून काढू नका आणि १०८ ला फोन करा.

शाळेत

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, तिथून ती झावळ्यांच्या छपराने धरली आणि छप्पर मुलांवर कोसळलं. त्या घटनेनंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. शाळांत आग विझवण्याची साधनं हवीत आणि शिक्षकांना ती वापरता यायला हवीत, हेही त्यातच आलं. पुढे २४ मे २०१९ ला सुरतेत एका व्यापारी संकुलातल्या शिकवणीच्या वर्गात २२ जणांचा बळी गेला. जिन्याची वाट बंद झाल्यावर मुलांनी वरून उड्या टाकल्याची दृश्यं सगळ्या देशाने पाहिली.

आपल्याकडे मध्यान्ह आहार बहुतेक ठिकाणी स्वयंसाहाय्य गट बाहेर शिजवून शाळेत आणतात, त्यामुळे कुंभकोणमचा धोका बराच कमी. तरी संगणक खोली आहे, प्रयोगशाळा आहे आणि जिन्याखाली मीटरबोर्डाला टेकून रचलेले मोडके बाक आहेत. जिन्याखालची ती जागा हे पालकांनी शाळेत गेल्यावर सगळ्यात आधी बघायचं ठिकाण. तिथे आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या मुलांची वाट पहिल्या मिनिटाला बंद होते.

सराव, म्हणजे मॉक ड्रिल, बऱ्याच शाळांत होतो. पण तो कसा होतो? आदल्या दिवशी सूचना फिरते, मुलांना रांगा आखून दिल्या जातात, पाहुणे आलेले असतात, फोटो निघतात. हा कवायतीचा कार्यक्रम झाला. खरा सराव पाहुण्यांशिवाय, वर्गात गणित चालू असताना आणि एक जिना मुद्दाम बंद ठेवून करायचा. त्या जिन्याच्या तोंडाशी शिक्षक उभे राहतात आणि सांगतात, ‘इथे धूर आहे, दुसरीकडून जा.’ कुठल्या वर्गाची रांग तिथे अडते, कोण गोंधळतं, ते पाच मिनिटांत कळतं. जूनमध्ये पाऊस पडत असताना एकदा हाच सराव करून बघावा. निम्मी मुलं रेनकोट आणि छत्री घ्यायला दप्तरांकडे वळतात आणि व्हरांड्यात चेंगराचेंगरी होते. भिजलेलं मूल टॉवेलने पुसता येतं, हे त्यांना आणि त्यांच्या आयांनाही आधी सांगून ठेवावं लागतं.

घंटेचाही विचार हवा. तासाची घंटा आणि आगीची घंटा एकच असेल तर मुलं डबे उघडून बसतील. आगीची वेगळी, तुटक तुटक आणि न थांबता वाजणारी हवी. शिवाय शॉर्टसर्किट झालं की विजेची घंटा वाजतच नाही. जुन्या मराठी शाळांतली टांगलेली पितळी घंटा अडगळीत गेली असेल तर काढा आणि व्हरांड्यात पुन्हा टांगा.

बाहेर पडताना एक शिक्षक रांगेपुढे आणि शक्यतो एक मागे. शेवटच्याने वर्गाचं दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. हातात हजेरीपट हवाच. मैदानावर मोजणी होते तेव्हा घोळ घालतात ती तीन मुलं: शौचालयात गेलेलं, दुसऱ्या वर्गातून खडू आणायला पाठवलेलं आणि आजारी म्हणून ऑफिसात बसवलेलं. म्हणून शौचालयं बघून यायचं काम एका ठरावीक माणसाकडे असतं, बहुधा शिपाई मावशींकडे, आणि त्या रजेवर असताना कोणाकडे, हेही लिहून ठेवायचं. चाकाच्या खुर्चीतल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलासोबत कोण, हे नावाने ठरलेलं असायला हवं.

लहान मुलांचं एक वेगळंच. ती घाबरली की पळत नाहीत, लपतात. बाकाखाली, खाटेखाली, कपाटात. त्यातून श्वासाचं उपकरण तोंडाला लावलेला, घरघर आवाज करणारा जवान काळोखात दिसला तर ती आणखी आत सरकतात. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ मध्ये १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटांत बळी गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. तेवढ्यावर न थांबता वर्षात कधीही जवळच्या केंद्राला विनंती करून जवानांना बालवाडीत बोलवावं. त्यांनी मुलांसमोर तो मुखवटा चढवावा आणि उतरवावा. ‘हा आपला काका आहे, याला बघून ओरडायचं, लपायचं नाही,’ एवढं मुलांना कळलं की पुरे.

फोन आणि फाटक

फोन १०१ किंवा ११२, आणि तो बाहेर पडल्यावर. गोव्यात घर क्रमांकावरून घर सापडत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा गाव, वाडा, जवळचं देऊळ, खुरीस किंवा दुकान सांगा. काय जळतंय, आत कोणी आहे का, वाट किती रुंद आहे, जवळ विहीर आहे का, हेही सांगा आणि समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. एकाने मुख्य रस्त्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभं राहायचं.

शाळेत ही वाट अडवणारे बहुधा आपणच असतो. शाळेत धूर दिसला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मिनिटांत बातमी जाते आणि दहाव्या मिनिटाला फाटकासमोर स्कूटर, गाड्या आणि बालरथ यांची गर्दी होते. त्या गर्दीत बंब अडकतो. म्हणून पालक-शिक्षक संघाच्या वर्षातल्या पहिल्याच बैठकीत एक जागा ठरवून टाकावी: गावचं मैदान, देवळाचा मंडप, पंचायतीचं सभागृह, जे शाळेपासून थोडं लांब असेल ते. तसा प्रसंग आला तर पालकांनी शाळेकडे यायचं नाही, तिथे जायचं. मुलं रांगेने तिथे आणली जातील आणि हजेरीपटावर सही करूनच ताब्यात दिली जातील, शेजारच्या मुलालासुद्धा सहीशिवाय न्यायचं नाही. न सांगता नेलेल्या एका मुलाला शोधायला जवान पुन्हा धुरात शिरतो.